व्हर्मॉन्टमधली 'कॉन्झर्व्ह्ड' शेतजमीन घ्यावी का? लँड ट्रस्टचा नेमका हक्क कशावर असतो?

डोंगरवाट:

नमस्कार मंडळी,

आम्ही बोस्टनजवळ राहतो. बरेच दिवस मी आणि बायको शेतजमीन शोधतोय. माझं लहानपण शेतात गेलं, तिचं अजिबात नाही, त्यामुळे उत्साह तिचा आणि शंका माझ्या. आता व्हर्मॉन्टमधली एक जागा मनात भरली आहे. साधारण ७० एकर, निम्म्यावर गवताची कुरणं, बाकी मेपलचं जंगल, मधून ओढा. गोठा आहे पण छप्पर बसलेलं. मालक जोडपं थकलंय, गाई कधीच्या विकल्या, गवत शेजारचा कापून नेतो.

भाव आसपासच्या मानाने बराच कमी वाटला म्हणून एजंटला खोदून विचारलं, तर म्हणाला, जमीन 'कॉन्झर्व्ह्ड' आहे. मालकांनी फार पूर्वी तिथल्या लँड ट्रस्टला (जमिनी राखणारी संस्था) ईझमेंट करून दिलंय, म्हणजे जमिनीवर बंधन घालणारा करार. त्याची प्रत पाठवली. ती वाचून डोकं भणभणलं.

जमीन नक्की कुणाची? ट्रस्टची असेल तर आम्ही पैसे कशाचे मोजायचे? आणि आमची असेल तर नवीन घर कुठे बांधायचं हे दुसऱ्यांनी का ठरवायचं? करार 'कायमस्वरूपी' म्हणतात, म्हणजे नातवंडांनाही लागू? शिवाय एक कलम असं की जमीन विकायला काढली तर ट्रस्ट ती शेतीच्या भावात स्वतः घेऊ शकतो. हे मला सरळसरळ गळ्यातलं लोढणं वाटतंय.

शेवटचा प्रश्न जरा आगाऊ आहे. या ट्रस्टवाल्यांना ह्यातून मिळतं काय? आमच्या गावाकडे कुणी 'जमीन वाचवायला आलोय' म्हणालं की लोक आधी सातबारा काढून बघतात.

दगडी बांध:

डोंगरवाट, ती सवय सोडू नका. मी सातबाऱ्यावरूनच सांगते. त्यावर मालकाचं नाव एकीकडे असतं आणि 'इतर हक्क' दुसरीकडे: बँकेचा बोजा, विहिरीतला हिस्सा, कुणाची वाट. ईझमेंट म्हणजे त्या इतर हक्कांतली एक नोंद समजा. मालक तुम्हीच राहणार. कर तुम्ही भरणार, गवत तुमचं, मेपलचा रस तुमचा, गहाण टाका, विका, मुलीच्या नावावर करा. बाहेरच्यांनी जमिनीवर फिरायला यायचं की नाही हेसुद्धा तुम्हीच ठरवणार, करारात सार्वजनिक पायवाटेचं वेगळं कलम नसेल तर. ट्रस्टकडे गेलाय तो प्लॉट पाडून घरं बांधायचा हक्क. आणि तो ट्रस्टलाही वापरता येत नाही. तो कुणीच वापरू नये एवढ्यासाठीच तो त्यांच्या हवाली केलाय.

मी इथल्याच एका लहान ट्रस्टसाठी मॉनिटरिंग करते. पगारी माणसं मोजकी, बाकी आमच्यासारखी निवृत्त मंडळी. तेव्हा माझं मत एका बाजूला झुकलेलं आहे हे गृहीत धरूनच वाचा.

भाव कमी का, तर मूल्यांकन दोनदा होतं. समजा मोकळ्या बाजारात जमिनीला ४ लाख डॉलर येतात आणि बंधन घातल्यावर अडीच लाख. मधले दीड लाख ही त्या सोडलेल्या हक्काची किंमत. कुणी तो हक्क दान करतं आणि आयकरात वजावट घेतं: वर्षाला उत्पन्नाच्या ५० टक्क्यांपर्यंत, आणि ज्यांचं बहुतेक उत्पन्न शेतीचंच त्यांना १०० टक्क्यांपर्यंत, उरलेली पुढची १५ वर्षं ओढता येते. कुणी तो विकतं. व्हर्मॉन्टमध्ये यासाठी १९८७ पासून राज्याचं एक स्वतंत्र मंडळच आहे, हाउसिंग अँड कॉन्झर्व्हेशन बोर्ड. परवडणारी घरं आणि शेतजमीन, दोन्हींना पैसा तिथूनच. केंद्राच्या कृषी खात्याची योजना सहसा निम्म्यापर्यंत भार उचलते. आमच्या भागातली दूधवाली कुटुंबं या पैशातून काय करतात? बँकेचं कर्ज फेडतात, किंवा शहरात गेलेल्या भावाबहिणींचा हिस्सा विकत घेतात. एका पिढीतून दुसऱ्या पिढीत शेत अख्खं जायचं असेल तर हाच एक रोख पैसा हाताशी असतो.

तुम्ही जी जमीन बघताय तिचा हा पैसा सध्याच्या मालकांना मिळून गेलाय. म्हणून तुम्हाला ती स्वस्त.

ट्रस्टला काय मिळतं? खरं सांगायचं तर कटकट. करारावर सही झाली की लोक फोटो काढतात, केक कापतात, आणि दुसऱ्या दिवसापासून तो करार पाळला जातोय ना हे बघायची जबाबदारी ट्रस्टच्या गळ्यात पडते, कायमची. म्हणून शहाणे ट्रस्ट प्रत्येक करारामागे काही रक्कम बाजूला ठेवतात आणि तिच्या व्याजावर दरवर्षीची पाहणी आणि उद्याची कोर्टकचेरी भागवतात. ट्रस्टांच्या राष्ट्रीय संघटनेने, लँड ट्रस्ट अलायन्सने, खटल्यांचा खर्च निघावा म्हणून टेराफर्मा नावाची विमा कंपनीच काढून ठेवली आहे, यावरून काय ते समजा.

पाहणी कशी होते तेही सांगते, कारण मालक म्हणून तुमचा संबंध तिच्याशीच येणार. करार झाला त्या दिवशी जमीन कशी होती याचा एक बेसलाइन रिपोर्ट असतो. नकाशा, फोटो, आणि प्रत्येक फोटो कुठे उभं राहून कोणत्या दिशेला काढला त्याची नोंद. मी तो घेऊन जाते, त्याच जागी उभी राहते, त्याच दिशेला बघते. एका शेतात ही जागा एका जुन्या मेपलपाशी आहे. काटेरी तार त्याच्या खोडात इतकी आत गेलीय की एका बाजूने शिरते आणि दुसऱ्या बाजूने निघते, मधलं काही दिसतच नाही. कुंपण कधीच गेलं, पण हद्दीचा वाद झाला तर त्या तारेवर बोट ठेवता येतं.

बहुतेक वेळा काहीच सापडत नाही. सापडतं तेव्हा ते फार साधं असतं. शेजाऱ्याचं लॉन दरवर्षी थोडं थोडं आत सरकतं, मग तिथे ट्रॅम्पोलिन येतं, मग लाकडाची शेड. नाहीतर ओढ्याकाठची झुडपं कुणीतरी 'स्वच्छ' केलेली असतात. तुमच्या जमिनीत ओढा आहे म्हणून हे कलम नीट वाचा. आमच्या बऱ्याच करारांत काठापासून ५० फुटांची पट्टी न नांगरता, न चारता सोडायची असते. तिथे आल्डर, विलो वाढू द्यायचे. त्यांच्या मुळांनी काठ धरून ठेवला जातो, सावलीने पाणी थंड राहतं म्हणून ट्राउट मासे टिकतात, आणि शेणखतातला फॉस्फरस खाली लेक शॅम्प्लेनमध्ये जाऊन शेवाळ माजवत नाही. जंगल मात्र हात न लावता ठेवा असं कुणी म्हणत नाही. लाकूड तोडा, मेपलला नळ्या लावा, फक्त फॉरेस्टरने केलेल्या आराखड्याप्रमाणे.

घराचं म्हणाल तर करारासोबतच्या नकाशावर 'फार्मस्टेड कॉम्प्लेक्स' अशी आखलेली जागा असेल. घर, गोठा, शेड काय ते त्या रेघेच्या आत. आत तुम्हाला बरीच मोकळीक असते. रेघेबाहेर घर नाही म्हणजे नाही. केंद्राचा पैसा लागला असेल तर एकूण जमिनीच्या साधारण २ टक्क्यांहून जास्त भाग छप्पर आणि फरशीखाली जाऊ द्यायचा नाही, अशीही अट असते.

कायमस्वरूपी म्हणजे कायमस्वरूपी. नोंद टाउन क्लार्कच्या दप्तरात असते आणि जमीन कुणाच्याही हातात गेली तरी तिच्याबरोबर जाते. सरकारने रस्त्यासाठी जमीन घेतली किंवा कोर्टाने बंधन उठवलं तर गोष्ट वेगळी, आणि तेव्हाही भरपाईतला वाटा ट्रस्टकडे जातो.

आता तुमचं लोढणं. ते कलम मला अख्ख्या करारातलं सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. पूर्वीच्या करारांनी घरं थांबवली, पण श्रीमंत गिऱ्हाईक थांबवलं नाही. सुंदर कुरणं, शेजारी कधीच कुणी बांधणार नाही याची हमी, न्यूयॉर्कच्या पैसेवाल्याला अजून काय हवं? त्याने जमीन घेतली, दोन घोडे बांधले, फाटकाला कुलूप लावलं. करार तंतोतंत पाळला आणि शेती संपली. म्हणून हा शेतीच्या भावात खरेदीचा हक्क आला. विक्री कुटुंबात झाली किंवा खऱ्या शेतकऱ्याला झाली तर ट्रस्ट मध्ये पडत नाही. तिसऱ्याच कुणाला होत असेल तर ट्रस्ट जमीन शेतीच्या भावात घेऊन शेतकऱ्याला देऊ शकतो.

आणि डोंगरवाट, तुमच्या लक्षात आलंय का, की ते 'तिसरेच कुणी' आत्ता तुम्ही आहात?

डोंगरवाट:

आईशप्पथ. हे अजिबात डोक्यात आलं नव्हतं. मी ते कलम आम्ही पुढे विकू तेव्हाचं म्हणून वाचत होतो. म्हणजे आम्ही ऑफर दिली आणि ट्रस्टने नको म्हटलं तर विषय संपला? बायकोला हे वाचून दाखवलं, तर ती म्हणते बरोबरच आहे त्यांचं, आपण खरंच शेती करणार आहोत की नाही ते आधी ठरवू. ती शेळ्यांवर अडून बसली आहे. मी नोकरी सोडणार नाहीये, निदान इतक्यात तरी.

मरिनकर:

दगडी बांध ताईंनी सांगितलंय त्यात थोडी पश्चिमेकडची भर. मी सॅन फ्रान्सिस्कोच्या उत्तरेला मरिन काउंटीत राहतो. फक्त शेतजमिनीसाठी निघालेला देशातला पहिला लँड ट्रस्ट इथला, १९८० चा. एलेन स्ट्रॉस या दूध डेअरीवाल्या कुटुंबातल्या आणि फिलिस फेबर जीवशास्त्रज्ञ, या दोघी मैत्रिणींनी काढलेला. एकीला गाई वाचवायच्या होत्या, दुसरीला पाणथळ जागा आणि वनस्पती, आणि दोघींना कळलं होतं की टेकड्यांवर घरं झाली की दोन्ही जाणार.

त्याआधी काउंटीने ६० एकरांना एकच घर असा नियम केला होता. मग ट्रस्ट कशाला, असा प्रश्न पडतो. कारण नियम निवडून आलेले लोक करतात आणि पुढचे निवडून आलेले लोक बदलतात. शिवाय नियमाने शेतकऱ्याच्या जमिनीची किंमत उतरते आणि त्याच्या हाती दमडी पडत नाही. ईझमेंटमध्ये निदान मोबदला मिळतो.

पण पैसेवाल्या गिऱ्हाइकांचं दुखणं इथे व्हर्मॉन्टपेक्षा मोठं आहे. म्हणून इथे करारात 'शेती चालू ठेवलीच पाहिजे' असं कलम घालायला लागले. यावरून माझे आणि माझ्या एका गुराख्या मित्राचे कडाक्याचे वाद होतात. तो म्हणतो, दुधाचा भाव पडला, पाऊस गेला, तर मला गाई ठेवायला लावणारा तू कोण? त्याचं म्हणणं मला अजून खोडता आलेलं नाही.

दगडी बांध:

मरिनकर, तुमच्या मित्राला माझा नमस्कार सांगा. दुधाचा भाव कुठलाच करार वाढवू शकत नाही. आमच्याकडे कॉन्झर्व्ह्ड शेतांतले गोठेही बंद पडलेत. जमीन मात्र तशीच राहिली, आणि काही ठिकाणी तिथे आता भाजीपाला, मेंढ्या, बेरी आहेत. पार्किंग झालं असतं तर तेही नसतं.

डोंगरवाट, घाबरू नका. हक्क आहे म्हणजे ट्रस्ट तो बजावतोच असं नाही. बजावायला त्यांनाही पैसे उभे करावे लागतात. 'शेतकरी' कोण याची व्याख्या तुमच्याच करारात असेल. साधारण सूर असा की निम्मं उत्पन्न शेतीतून येतंय, किंवा तुमचा शेतीचा आराखडा ट्रस्टला पटतोय. शब्द करारागणिक बदलतात, म्हणून मुद्दाम ते पान काढा. ऑफर द्यायच्या आधी ट्रस्टला फोन करा. एजंटला मधे घेऊ नका, त्याला घाई असते. तुम्हीच सांगा की आम्ही अमुक जण, शेळ्यांचा विचार आहे, कुरण शेजाऱ्यालाच कापायला देऊ किंवा भाड्याने देऊ, आराखडा बघाल का? आमच्याकडे नोकरी सांभाळून शेत नीट चालवणारी कुटुंबं आहेत, आणि त्यातल्या काहींनी कुरणं तरुण शेतकऱ्यांना दीर्घ मुदतीने कसायला दिलीत. माझ्या अनुभवात आधी येऊन बोलणाऱ्या माणसाशी ट्रस्टवाले फार चांगले वागतात.

कूळकायदा:

(पुण्यात वकिली करतो, हा सल्ला नव्हे, गप्पा समजा.)

धागा वाचताना सारखं वाटत होतं की हे आपल्याकडे का नाही. कायद्याने अडतं. आपला ईझमेंटचा कायदा १८८२ चा आणि त्यात वहिवाटीचा हक्क जमिनीला जोडलेला असतो, माणसाला किंवा संस्थेला नाही. माझ्या शेतातून तुमच्या शेतात जायची वाट चालते, कारण तुमचं शेत आहे. शेजारी एक गुंठाही नसलेल्या संस्थेने 'इथे बंगले नकोत' एवढाच हक्क धरून ठेवायचा, हे त्या चौकटीत बसत नाही. अमेरिकेतही जुना कायदा याला नाखूषच होता. १९८१ च्या नमुना कायद्यानंतर राज्याराज्यांनी आपापले कायदे करून वाट मोकळी केली. मग आपल्याकडे संस्थेने जमीनच विकत घ्यावी म्हटलं, तर कूळवहिवाट कायद्याचं कलम ६३ आडवं येतं, शेतकरी नसलेल्याला शेतजमीन परवानगीशिवाय नाही.

पण एक गोष्ट इथे सांगितल्याशिवाय राहवत नाही. अमेरिकेतला पहिला कम्युनिटी लँड ट्रस्ट मानतात तो १९६९ मध्ये जॉर्जियात निघाला, न्यू कम्युनिटीज नावाचा. मतदार म्हणून नाव नोंदवलं म्हणून ज्या कृष्णवर्णीय कुळांना मालकांनी जमिनीवरून हाकललं, त्यांच्यासाठी चार्ल्स शेरॉड आणि मंडळींनी जवळपास ५,७०० एकर घेतली. जमीन सगळ्यांच्या ट्रस्टची, कसणं आणि राहणं ज्याचं त्याचं. त्यांच्यातल्या रॉबर्ट स्वॉन यांच्यापुढे इस्राएलमधला नमुना होता तसाच विनोबांचा ग्रामदानाचाही होता. पवनार ते जॉर्जिया! तिथे पुढे दुष्काळ पडला, सरकारी कर्जात दुजाभाव झाला, आणि १९८५ मध्ये जमीन कर्जापायी गेली. २००९ मध्ये भरपाई मंजूर झाली, सुमारे १ कोटी २० लाख डॉलर, आणि त्यांनी त्याच भागात पुन्हा जमीन घेतली.

आणि आपल्याकडे? ग्रामदान कायदा १९६४ पासून पडून आहे आणि तो अजून जिवंत आहे हेच बहुतेकांना माहीत नाही. गडचिरोलीतल्या मेंढा-लेखाच्या लोकांना माहीत होतं. 'दिल्ली-मुंबईत आमचं सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार' म्हणणारं गाव. २००९ मध्ये वनहक्क कायद्याखाली सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळवला, २०११ मध्ये बांबू स्वतः विकू लागले, आणि २०१३ मध्ये ग्रामसभेने गावातली शेतजमीनही ग्रामदान करायचं ठरवलं. मालकी ग्रामसभेची, कसणं त्याच कुटुंबाचं, बाहेरच्याला विकायची सोय नाही. ताई, तुमच्या त्या खरेदीच्या कलमाचा हेतू आणि याचा हेतू एकच नाही का?

दगडी बांध:

हेतू एक, पण फरक मोठा. मेंढा-लेखाचा निर्णय अख्ख्या गावाने बसून घेतला. आमचं प्रत्येक ईझमेंट एका कुटुंबाशी झालेला खाजगी सौदा असतो. ज्याला पटलं त्याचं शेत वाचलं, मधल्याला नाही पटलं तर तिथे घरं उभी राहिली. नकाशा बघितला की ठिगळं दिसतात. म्हणून ट्रस्ट आता एकमेकांना लागून असलेल्या शेतांवर आणि डोंगरधारेवर भर देतात, अस्वलं आणि मूस (मोठी हरणं) ठिगळा-ठिगळांतून चालत नाहीत. राज्यातल्या मोठ्या ट्रस्टने १९७७ पासून ६ लाख एकरांहून जास्त जमीन राखली आहे, राज्याचा दहावा हिस्सा झाला. तरी ती सलग नाही.

आणि सगळेच ट्रस्ट धुतल्या तांदळासारखे नाहीत हेही सांगून टाकते. मधल्या काळात गुंतवणूकदारांनी गट करून पडीक जमिनी घ्यायच्या, फुगवलेलं मूल्यांकन काढायचं आणि भरलेल्या पैशाच्या कितीतरी पट करवजावट लाटायची, असा धंदाच सुरू झाला होता. असली दानं स्वीकारणाऱ्या संस्थाही होत्याच. २०२२ च्या अखेरीस कायदा झाला, आता गुंतवणुकीच्या अडीच पटीवर वजावट मागितली तर सहसा मिळत नाही. म्हणून डोंगरवाट, तुमचा ट्रस्ट लँड ट्रस्ट अलायन्सकडून मान्यताप्राप्त आहे का तेवढं बघा.

डोंगरवाट:

ट्रस्टच्या बाईंशी बोललो. त्यांनी आधी शेळ्या किती, हे विचारलं, मग पिण्याचं पाणी कुठून देणार, मग हिवाळ्यातलं शेण कुठे साठवणार. मला एकाचंही उत्तर देता आलं नाही, बायकोने तिन्हींची दिली. पुढच्या आठवड्यात जमिनीवर भेटायचं ठरलंय, आराखड्याचा कच्चा खर्डा घेऊन या म्हणाल्या.

ताई, एक राहिलंच. बसलेल्या छपराचा तो गोठा पाडायचा म्हटलं तर त्यांची परवानगी लागेल का? तो बहुतेक रेघेच्या आत आहे, पण एक कोपरा बाहेर येतोय असं वाटतं.

दगडी बांध:

पाडायला बहुधा नाही लागत, जुना गोठा ऐतिहासिक म्हणून करारात वेगळा नोंदवला नसेल तर. नवा बांधताना मात्र तो कोपरा आत घ्या. भेटीच्या दिवशी बेसलाइन रिपोर्टची प्रत मागा आणि गोठ्यापाशी उभं राहून त्यांच्यासोबतच नकाशा लावून बघा. आणि शेण साठवायची जागा ओढ्यापासून लांब दाखवा, त्या बाई तेच विचारणार आहेत.